उपरी कीं मिरासदार? : सरकारी चाळींतील भाडेकरूंच्या मालकीहक्काचा विचार

(१)

ता. १४ ऑगस्ट २०२५ रोजीं मुंबईंत वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील ५५६ कुटुंबांस नव्या इमारतींतील घरांच्या किल्ल्या देण्यांत आल्या. जीं बिऱ्हाडें पिढ्यान्‌पिढ्या सरकारास भाडें देऊन सुमारें १६० चौरस फुटांच्या एका खोलींत राहत होतीं, त्यांस आतां ५०० चौरस फुटांचें घर मालकीहक्कानें मिळालें. आणि त्याबद्दल त्यांस कांहीं मोल द्यावें लागलें नाहीं. ह्या गोष्टीनें एक जुनाच प्रश्न पुन्हां पुढें आला आहे. सरकारानें किंवा नगरपालिकेनें सार्वजनिक पैशांतून गरिबांकरितां जीं भाड्याचीं घरें बांधलीं, तीं त्यांत राहणाऱ्या भाडेकरूंस मालकीनें घेतां यावीं कीं नाहीं? एक पक्ष म्हणतो, ज्यानें तीन पिढ्या भाडें भरलें त्यानें त्या खोलीची किंमत केव्हांच फेडली. त्यास मालक न करणें हा अन्याय होय. दुसरा पक्ष म्हणतो, सार्वजनिक घर उद्यांच्या गरजवंतासाठींहि राखलें पाहिजे; तें एकदां दिलें कीं कायमचें गेलें.

इतिहास-संशोधनाच्या त्रैमासिकांत हा विषय कशाला, असें कोणी वाचक विचारतील. त्यांस आमचें उत्तर असें कीं, आपण जे रुमाल सोडून वाचतों त्यांतील कितीतरी कागद ह्याच जातीच्या तंट्याचे आहेत. अमुक शेत किंवा अमुक घरठाण कोणाचें. राहणारा मिरासी कीं उपरी. कोणीं कोणास कोणत्या शर्तीवर दिलें. हाच त्यांचा मजकूर. आजच्या वादांत दोन्ही पक्ष मोठ्या आवेशानें बोलतात, परंतु आपल्याच देशांत कसणाऱ्यास मालक करण्याचे प्रयोग तीनचार वेळां झाले व त्यांचीं फळें कागदोपत्रीं नमूद आहेत, ह्याची आठवण फारशी कोणी करीत नाहीं. ती करून देणें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(२)

प्रथम चाळींचा वृत्तांत थोडक्यांत सांगितला पाहिजे. १८९६ सालीं मांडवी भागांत प्लेग प्रकट झाला, तेव्हां मुंबईंतील गरिबांच्या वस्त्या किती दाट व कोंदट आहेत ह्याकडे सरकारचें लक्ष गेलें. १८९८ च्या कायद्यानें मुंबई इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टानें जुन्या वस्त्या पाडल्या, रस्ते रुंद केले व कांहीं विस्थापितांसाठीं चाळी बांधल्या. परळच्या अशाच एका चाळींत डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांचें बिऱ्हाड अनेक वर्षें होतें. तथापि ट्रस्टाच्या बांधकामानें टंचाई हटली नाहीं. १९२१ च्या खानेसुमारीच्या वेळीं मुंबईंतील सुमारें दोनतृतीयांश लोक एकेका खोलीच्या बिऱ्हाडांत राहत होते.

पहिल्या महायुद्धानंतर गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड ह्यांनीं १९२० सालीं बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हें खातें उभें केलें. त्याचींच आद्याक्षरें चाळींच्या नांवास चिकटलीं. खात्याचा संकल्प ५०,००० खोल्या बांधण्याचा होता. पैसा कर्जानें उभारावयाचा, व शहरांत येणाऱ्या कापसाच्या दर गांठोड्यामागें एक रुपया जकात बसवून त्यास आधार द्यावयाचा, अशी योजना होती. प्रत्यक्षांत २०७ चाळी बांधून झाल्या : वरळीस १२१, नायगांवास ४२, डिलाईल रोडवर (आजच्या ना. म. जोशी मार्गावर) ३२ व शिवडीस १२. प्रत्येक चाळ तळमजला व वर तीन मजले, दर मजल्यावर २० खोल्या; म्हणजे एका चाळींत ८० व एकंदर सुमारें साडेसोळा हजार खोल्या झाल्या. संकल्पाचा हा तिसरा हिस्सा. गिरण्यांची मंदी आल्यामुळें व वरळीसारख्या दूरच्या जागीं सोयी नसल्यामुळें बांधलेल्या खोल्यांपैकीं पुष्कळ आरंभीं रिकाम्याच राहिल्या. स्वातंत्र्याच्या चळवळींत वरळीच्या कांहीं चाळींचा तात्पुरता तुरुंग म्हणूनहि उपयोग झाला. पुढें मात्र त्या भरल्या. कोंकणांतून व घाटावरून आलेला गिरणीकामगार, पोलीस शिपाई, सरकारी नोकर, आणि गांवच्या वेशीबाहेर ज्यास जागा होती तो अस्पृश्य समाज, ह्या सर्वांनीं त्या चाळींत संसार थाटले. १९७४ सालची वरळीची दंगल ह्याच आवारांत झाली, आणि १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या गिरणीसंपाची झळहि ह्याच खोल्यांस लागली.

येथें एक गोष्ट ध्यानांत धरावी. ह्या खोल्या बांधणाऱ्याच्या मनांत त्या विकण्याचा विचार कधींच नव्हता. गिरणीस हात पाहिजेत, आणि हातांस रात्रीं टेकावयास जागा पाहिजे, इतकाच त्यांतील हेतु. भाडेकरू हा येणारा व जाणारा, असें गृहीत होतें. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें खाजगी चाळींतील भाडेकरूस मोठें संरक्षण दिलें, परंतु सरकारच्या मालकीच्या जागा त्या कायद्यांतून वगळलेल्या होत्या. कायद्याच्या शब्दांकडे पाहिलें तर खाजगी मालकाच्या भाडेकरूपेक्षां सरकारचा भाडेकरू अधिक कच्चा होता.

व्यवहार मात्र उलटा झाला. बापाची खोली मुलाकडे गेली, मुलाची सुनेकडे. गांवाकडून आलेला पुतण्या त्याच खोलींत शिकला व नोकरीस लागला. कित्येकांनीं रक्कम घेऊन खोली दुसऱ्याच्या हवालीं केली, आणि अशीं हस्तांतरणें सरकारास वेळोवेळीं मुदती ठरवून नियमित करून द्यावीं लागलीं. पावतीवर भाडेकरू, व्यवहारांत जवळजवळ मालक, अशी ही स्थिति झाली. अखेर २०१६ सालीं शासनानें वरळी, नायगांव व ना. म. जोशी मार्ग येथील १९५ चाळींच्या पुनर्विकासाचें काम महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणाकडे, म्हणजे म्हाडाकडे सोंपविलें. ह्या तीन जागीं मिळून १५,५९३ भाडेकरू मोजले गेले. त्यांस नवीं घरें मालकीनें द्यावयाचीं, व त्याच भूमीवर जादा घरें बांधून तीं खुल्या बाजारांत विकून खर्च भागवावयाचा, असा हा बेत आहे. शिवडीच्या १२ चाळी बंदराच्या जमिनीवर असल्यामुळें ह्या बेताबाहेर राहिल्या.

(३)

आतां ह्या भाडेकरूस आपल्या जुन्या परिभाषेंत काय म्हणावें? मराठेशाहींत जमीन कसणाऱ्यांचे दोन मुख्य वर्ग होते, मिरासदार व उपरी. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. ती त्यास गहाण टाकतां येई व विकतां येई, आणि सरकारसारा भरीत असेपर्यंत तिजवरून त्यास कोणी उठवूं नये असा दंडक होता. तो परागंदा झाला तरी त्याचा हक्क सहसा बुडत नसे. दीर्घ काळानें तो अगर त्याचा वंशज परत आला म्हणजे पुरावा पाहून गोत त्याची जमीन त्यास देववी. उपरी हा कौलानें किंवा सालोसालच्या ठरावानें कसणारा. मुदत सरली कीं त्याचा संबंध सुटला. १८१९ सालीं माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ह्यानें पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलुखाविषयीं अहवाल लिहिला, त्यांतहि मिरासदारास वंशपरंपरेचा व विक्रीयोग्य हक्क आहे हें त्यानें स्पष्ट नमूद केलें आहे.

उपऱ्यास मिरासदार होण्याची वाट बंद नव्हती. गतकुळी जमीन, म्हणजे जिचा मूळ मिरासदार निर्वंश झाला किंवा नाहींसा झाला ती, पाटील व गांव मिळून रक्कम घेऊन दुसऱ्यास मिरास करून देत. अशीं मिरासपत्रें आपल्या संग्राहकांच्या हातून नेहमीं जातात. त्यांतील तीन गोष्टींकडे आम्ही लक्ष वेधूं इच्छितों. पहिली, मिरास फुकट नसे. तिचें मोल ठरे व तें पत्रांत लिहिलें जाई. दुसरी, मिरास हें जसें सुख तसें ओझेंहि होतें. मिरासदाराचा सारा उपऱ्याहून बहुधा जड असे, कोठें कोठें मिरासपट्टी नांवाची निराळी पट्टीहि त्याजवर बसे, आणि गांवखर्चाचा वांटा त्यासच उचलावा लागे. म्हणून प्रत्येक उपरी मिरासीसाठीं झुरत होता असें समजणें चुकीचें होईल. तिसरी, मिरास उघड असे. पाटील, कुळकर्णी, शेजारचे मिरासदार व बलुतेदार ह्यांच्या साक्षीनें, चतुःसीमा लिहून ती दिली जाई. कोण आपला शेजारी होणार हें गोतास ठाऊक होऊन मग ती पुरी होई.

ह्या मापानें पाहतां चाळींतील भाडेकरू कागदानें उपरी व वहिवाटीनें मिरासी ठरतो. शंभर वर्षें एका जागीं राहून, तेथेंच जन्ममृत्यु पाहून, ज्यानें भाडें चालविलें त्यास नुसता उपरी म्हणणें आपल्या जुन्या न्यायास धरून होणार नाहीं. मालकीच्या बाजूचा हा सर्वांत बळकट आधार आहे, व तो आम्ही मान्य करतों.

परंतु उपमा कोठवर जुळते हें पाहिल्याशिवाय ती पुढें रेटूं नये. अठराव्या शतकांतील देशावर जमीन पडून होती व कसणारा दुर्मिळ होता. एकास मिरास दिली म्हणून दुसरा उघड्यावर पडत नसे. पुढच्या गांवचा पाटील त्यास कौल देऊन बोलावून घेई. मुंबईची गोष्ट अगदीं उलट आहे. तेथें माणूस विपुल व जागा दुर्मिळ. येथें एका उपऱ्यास मिरास दिली म्हणजे मागून येणाऱ्या उपऱ्याची जागा खुंटते. हा भेद लहान नाहीं, आणि आमच्या मतें सर्व वादाचें मर्म ह्यांतच आहे.

(४)

मिरासीचा हक्क सर्वांस दिला म्हणजे काय होतें, ह्याचा प्रयोग इंग्रजी अमलांत आपल्याच जिल्ह्यांत झाला. १८३५-३६ पासून गोल्डस्मिड व विंगेट ह्यांनीं इंदापूर तालुक्यांत जी पाहणी सुरू केली ती पुढें सर्व इलाख्यांत पसरली. तिनें मिरासी व उपरी हा भेद हळूहळू पुसून टाकला. खात्यावर ज्याचें नांव तो कब्जेदार. सारा भरील तोंपर्यंत जमीन त्याची, वंशपरंपरेची, व विक्रीस मोकळी. १८६५ च्या कायद्यानें ह्या पद्धतीस भक्कम रूप आलें. उपऱ्याच्या दृष्टीनें हें मोठेंच दान होतें. एका पिढींत तो मिरासदाराच्या पंक्तीस बसला.

पण ज्या वस्तूस विक्रीची मोकळीक मिळाली तिला बाजारांत भाव आला, आणि तिजवर कर्ज मिळूं लागलें. अमेरिकेंतील यादवीमुळें कापसाचा भाव चढला तेव्हां कर्जें वाढलीं. भाव पडला, साऱ्याची फेरआकारणी जड झाली, तेव्हां दिवाणी कोर्टाच्या हुकुमनाम्यांनीं जमिनी सावकारांच्या नांवें होऊं लागल्या. ता. १२ मे १८७५ रोजीं सुप्याच्या बाजारांत दंगा पेटला. रयतेनें सावकारांच्या घरांत शिरून शोधले ते कर्जरोखे, व जाळले तेहि तेच. ज्या कागदांनीं जमीन गेली ते कागद नाहींसे करणें हाच तिचा हेतु होता. सरकारानें १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याच सालीं जमीनमहसुलाचा कायदाहि झाला, व त्यानें विक्रीची मोकळीक कायम ठेविली. एका हातानें मोकळीक व दुसऱ्या हातानें संरक्षण, असा हा एकाच वर्षाचा विरोधाभास आहे.

दुष्काळानंतर १९०१ सालीं मुंबई सरकारानें पुढचें पाऊल टाकलें. साऱ्याच्या थकबाकीनें सरकारजमा झालेली जमीन पुन्हां देतांना, कलेक्टराच्या परवानगीवांचून ती विकूं नये, अशी अट घालण्याचा अधिकार त्यानें कायद्यानें घेतला. आपल्या सातबाऱ्यावर जी नवी शर्त दिसते तिचें मूळ येथें आहे. ह्या कायद्यास फेरोजशहा मेहता व गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनीं कौन्सिलांत कडाडून विरोध केला व सभात्याग केला. त्यांचा आक्षेप तुच्छ लेखण्याजोगा नाहीं. विकतां येत नाहीं ती मालकी कसली, तिजवर कर्ज कोण देईल, आणि सरकारच जमीनदार होऊन बसेल, ही त्यांची भीति होती. मालकीस अट घालणारा प्रत्येक कायदा घेणाऱ्याच्या हक्कांतून कांहींतरी कापून घेतो, हें आजहि खरें आहे.

स्वातंत्र्यानंतर हाच धागा कुळकायद्यांत दिसतो. ता. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन; त्या दिवशीं कसणारें कूळ कायद्यानें जमिनीचें खरेदीदार मानलें गेलें. किंमत सामान्यतः आकाराच्या २० पटींपासून २०० पटींपर्यंत ठरावयाची होती, व अशी घेतलेली जमीन परवानगीवांचून विकण्यास मनाई होती. ही मनाई २०१४ च्या दुरुस्तीनें सैल केली गेली, परंतु ती अर्धशतकाहून अधिक काळ चालली. मिरास द्यावी, पण ती तत्काळ बाजारांत जाऊं नये, असा अनुभवानें आलेला निष्कर्ष १९०१ व १९५७ ह्या दोन्ही कायद्यांत आहे.

घरांच्या बाबतींतहि खाजगी मालकाविरुद्ध असा हक्क महाराष्ट्रानें निर्माण केला होता. मुंबईंतील उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींत ७० टक्के रहिवाशांनीं सहकारी संस्था करून मागणी केली, तर मासिक भाड्याच्या शंभरपट रकमेंत ती इमारत संस्थेसाठीं संपादन करतां यावी, अशी तरतूद १९८६ सालीं म्हाडाच्या कायद्यांत घातली गेली. मालकांनीं तिला आव्हान दिलें. त्या प्रकरणांत ता. ५ नोव्हेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानें बहुमतानें असें ठरविलें कीं, प्रत्येक खाजगी मालमत्ता ही घटनेच्या अर्थानें समाजाची साधनसंपत्ति होत नाहीं. म्हणजे जेथें मालक खाजगी, तेथें त्याची तक्रार ऐकावयास न्यायालय आहे. सरकारी चाळींत तक्रार करणारा असा मालकच नाहीं. जो खरोखर वंचित होतो तो पुढें येणारा भाडेकरू. त्याचें नांव कोणत्याहि पावतीवर नाहीं, आणि म्हणून त्याची बाजू मांडणाराहि कोणी नाहीं.

(५)

सार्वजनिक घरें भाडेकरूंस विकण्याचा मोठा प्रयोग ब्रिटनमध्यें झाला. त्याचा उल्लेख येथें केवळ तुलनेसाठीं करीत नाहीं. मुंबईच्या चाळी व इंग्लंडांतील कौन्सिलांचीं घरें हीं एकाच वेळचीं भावंडें आहेत. लॉईडसाहेबांनीं खातें उभारलें त्याच्या आदल्याच वर्षीं, १९१९ सालीं, ब्रिटिश पार्लमेंटानें आरोग्यमंत्री ॲडिसन ह्यांच्या पुढाकारानें गृहनिर्माणाचा कायदा केला होता. तीन वर्षांत पांच लक्ष घरें बांधण्याचें वचन दिलें गेलें. त्या कायद्याखालीं सुमारें २,१३,००० बांधून झालीं. तेथें आणि येथें वचन मोठें व काम थोडें, हेंहि भावंडांचें साम्यच म्हणावयाचें. फरक असा कीं तेथें नगरपालिका पुढेंहि बांधीत राहिल्या, आणि १९७९ च्या सुमारास त्या देशांतील जवळजवळ एकतृतीयांश कुटुंबें कौन्सिलच्या घरांत राहत होतीं.

१९८० सालीं मार्गारेट थॅचर ह्यांच्या सरकारानें ह्या भाडेकरूंस खरेदीचा हक्क दिला. तीन वर्षें राहिलेल्यास बाजारभावांत शेंकडा ३३ सूट, पुढें दर वर्षास एक टक्का वाढून शेंकडा ५० पर्यंत. घर पांच वर्षांच्या आंत विकल्यास सुटीचा भाग परत करावयाचा. पुढच्या कायद्यांनीं सूट आणखी वाढली. सदनिकांस ती शेंकडा ७० पर्यंत गेली. एकट्या इंग्लंडांत आजपर्यंत सुमारें वीस लक्ष घरें अशा रीतीनें विकलीं गेलीं. ज्या कामकऱ्याच्या घराण्यांत कधीं स्थावर नव्हतें त्याच्या मुलांस वारशानें घर मिळालें, हा ह्या कायद्याचा खरा लाभ होय; तो नाकारणें अप्रामाणिकपणाचें होईल.

तोटाहि तितकाच खरा आहे. विक्रीच्या रकमेंतून नवीं घरें बांधण्यावर सरकारानें नगरपालिकांस निर्बंध घातले, व १९९० नंतरच्या दशकांत त्यांचें बांधकाम जवळजवळ थांबलें. विकलेलीं घरें पुन्हां विकलीं गेलीं. इंग्लंडांत विकलेल्या कौन्सिल-सदनिकांपैकीं सुमारें शेंकडा ४० खाजगी घरमालकांकडून भाड्यानें दिल्या जात आहेत, असें २०१७ सालच्या एका पाहणींत आढळलें. जें घर नगरपालिका स्वस्त भाड्यानें देत होती तेंच चढ्या भाड्यानें मिळूं लागलें, आणि तें भाडें भरण्यास गरीब कुटुंबास मदत सार्वजनिक तिजोरींतूनच द्यावी लागते. अखेर स्कॉटलंडानें १ ऑगस्ट २०१६ पासून व वेल्सनें २६ जानेवारी २०१९ पासून हा हक्क रद्द केला. इंग्लंडानें तो ठेविला, पण नोव्हेंबर २०२४ मध्यें सूट फार खालीं आणली.

आमच्या वाचकांस विशेष लक्षणीय वाटेल अशी एक बाब १९८० च्या मूळ कायद्यांतच आहे. राष्ट्रीय उद्यानें व तत्सम ग्रामीण प्रदेश ह्यांपुरती त्यांत अशी मुभा होती कीं, घर पुढें विकावयाचें झाल्यास तें त्या भागांत तीन वर्षें राहिलेल्या किंवा काम केलेल्या माणसासच विकावें, अथवा कांहीं काळ प्रथम कौन्सिलासच देऊं करावें, अशी अट पत्रांत घालावी. म्हणजे नवी शर्तच! मात्र ती खेड्यांपुरती होती. शहरांत, जेथें टंचाई तीव्र, तेथें नव्हती. विकणाऱ्यानें दहा वर्षांच्या आंत घर प्रथम पूर्वीच्या मालकास देऊं करावें, अशी सर्वसाधारण अट २००४ च्या कायद्यानें आली. तोंपर्यंत २४ वर्षें गेलीं होतीं व घरांचा मोठा भाग हातचा गेला होता. आपल्याकडे १८३६ ते १९०१ ह्या ६५ वर्षांत जो धडा मिळाला तोच त्या देशानें २४ वर्षांत गिरविला. आधीं मोकळीक आणि मागून अट, हा क्रम दोन्हीकडे सारखाच.

(६)

ह्या सर्व पुराव्यावरून आम्ही पुढील निर्णयास येतों.

सरकारी चाळींतील जुन्या भाडेकरूस मालकी मिळावी, ह्यांत आम्हांस संशय नाहीं. त्याची वहिवाट मिरासीची आहे. शिवाय सरकार हा चांगला घरमालक ठरलेला नाहीं. चाळींची जी दुर्दशा झाली तिची जबाबदारी भाडेकरूवर टाकतां येत नाहीं. भाडेकरू म्हणूनच राहा, असें त्यास सांगणें म्हणजे त्याच दुर्लक्षाखालीं त्यास आणखी एक शतक ठेवणें होय.

परंतु मिरासपत्र बिनशर्त नसावें. घर विकावयाचें झाल्यास ठराविक वर्षें तें प्रथम सरकारास किंवा म्हाडास, आधीं ठरलेल्या रीतीनें काढलेल्या किंमतींत, देऊं करावें. त्यांनीं न घेतल्यासच बाहेर विकावें. मेहता-गोखल्यांचा आक्षेप ह्या अटीस पूर्णपणें लागू पडत नाहीं, कारण येथें विक्री बंद होत नाहीं. घेणाऱ्यांत पहिला मान कोणाचा एवढेंच ठरतें. घरावर कर्जहि काढतां येईल. आणि जुन्या मिरासीप्रमाणें हा व्यवहार उघड, नोंदलेला व शेजाऱ्यांस ठाऊक असावा. गुपचूप हस्तांतरणें व मागून त्यांस मान्यता, हा गेल्या कित्येक वर्षांचा क्रम नव्या घरांत तरी चालूं नये. मिरासीबरोबर ओझें येतें हेंहि घेणाऱ्यास आधीं स्पष्ट सांगितलें पाहिजे. १६० फुटांच्या खोलीचा खर्च व उंच इमारतींतील ५०० फुटांच्या घराचा खर्च सारखा नाहीं. तो न झेपल्यामुळें जर घर विकावें लागलें, तर मालकी देऊनहि माणूस शहराबाहेरच गेला असें होईल.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढच्या उपऱ्याची. १५,५९३ खोल्यांचे भाडेकरू मालक झाले म्हणजे सरकारजवळच्या भाड्याच्या तितक्या खोल्या कमी झाल्या. आज गांव सोडून मुंबईस येणारा जो बांधकामावरचा मजूर, जी घरकाम करणारी बाई, किंवा जो दारोदार माल पोंचविणारा पोरगा, त्यास १९२० सालच्या गिरणीकामगाराइतकीच खोलीची गरज आहे. परंतु त्यास खोली देणारें तसें खातें आज नाहीं. ज्या भूमीवर जादा घरें बांधून विकावयाचीं ती भूमि सार्वजनिक आहे. तिच्या विक्रींतून जें उत्पन्न येईल त्यावर पहिला हक्क आजच्या भाडेकरूचा, व दुसरा हक्क ह्या उद्यांच्या भाडेकरूचा असला पाहिजे. जितक्या खोल्या मालकीनें दिल्या तितक्या नव्या भाड्याच्या खोल्या कोठेंतरी बांधीपर्यंत सरकारचें काम पुरें झालें असें आम्ही मानणार नाहीं. जुन्या गांवानें गतकुळी जमीन मिरास करून दिली तरी नव्या कुळास बोलावण्यापुरती जमीन त्याच्याजवळ उरत असे. ज्या शहराजवळ ती उरत नाहीं त्यानें मिरास देतांना अधिक हिशेबानें दिली पाहिजे.

(७)

शेवटीं संग्राहक बंधूंस एक विनंति. चाळी पाडल्या जात आहेत. बिऱ्हाडें हलवितांना जुन्या पत्र्याच्या पेट्या उघडतात, आणि त्यांतील कागद रद्दींत जातात. भाड्याच्या पावत्या, खात्याच्या नोटिसा, खोली नांवावर करून घेण्यासाठीं केलेले अर्ज, चाळकमिट्यांचीं इतिवृत्तें, गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या याद्या, गिरणीचीं हजेरीपत्रकें : हीं शंभर वर्षांच्या एका सबंध वर्गाच्या वहिवाटीचीं साधनें आहेत. देशमुखी-देशपांडेपणाचे महजर आपण जिवापाड जपतों, कारण त्यांवरून हक्क शाबीत होत. ह्या पावत्यांवरूनहि हक्कच शाबीत झाले आहेत. आणि उद्यां कोणी विचारील कीं सरकारी खोलीचा उपरी मिरासदार कसा झाला, तर उत्तर ह्याच कागदांत सांपडेल. ज्यांच्या ओळखीचें एखादें तरी कुटुंब वरळी, नायगांव किंवा ना. म. जोशी मार्ग येथें असेल त्यांनीं पेटी रिकामी होण्यापूर्वीं तेथें जावें, कागद मागून घ्यावेत, निदान त्यांच्या नकला करून ठेवाव्यात, व कोणत्या खोलींतून कोणता कागद आला तें त्याच दिवशीं टिपून ठेवावें. शिवडीच्या चाळी अद्याप उभ्या आहेत. तेथें सवड आहे. बाकीच्या ठिकाणीं ती थोडी उरली आहे.